मोरचूद घातलेली खळ

माझं डोकं लवकर तापतं आणि तोंड त्याहून लवकर चालतं, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. माझ्या मुली हल्ली तेच इंग्रजीत सांगतात. पण या तोंडालाही एकदा कुलूप लागलं होतं. शुक्रवारी दुपारी लागलं ते सोमवारी सकाळी उघडलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आम्ही जर्सी सिटीत राहायचो आणि मी नदीपलीकडे, मॅनहॅटनमधल्या एका छोट्या संग्रहालयाच्या तळघरात काम करायचे. ती नोकरी मला कशी मिळाली आणि माझ्या हातून जाता जाता कुणामुळे राहिली, ते सांगायचंय. उपकार फेडता येत नाहीत. निदान सांगावेत तरी.

लग्न करून मी नागपुरातून आले ती थेट सातव्या मजल्यावर. नवरा एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात होता. सकाळी आठला तो नदीखालून जाणारी गाडी पकडायचा आणि मग दिवसभर मी आणि रेडिएटर. हा रेडिएटर मध्येच ठणठण वाजायचा, मध्येच फुस्स करायचा, आणि खरी थंडी पडली की गप्प बसायचा. मी त्याच्याशी भांडायचे. हसू नका, दुसरं होतंच कोण भांडायला? नवरा संध्याकाळी दमून यायचा, त्याच्याशी भांडण्यात मजा नव्हती.

एक दिवस लायब्ररीच्या नोटिस बोर्डवर चिठ्ठी दिसली. छापचित्रं जपण्याच्या कामाला मदतनीस हवा, अनुभवाची अट नाही, हात स्थिर पाहिजे. मी ती उतरवून घेतली आणि घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "अहो, माझा हात तर स्थिर आहे."

"हात आहे गं," तो म्हणाला, "तोंड पण स्थिर ठेवलंस तर जॉब तुझाच."

मुलाखत घेतली तिथल्या एका बाईंनी. मी त्यांना मनातल्या मनात 'बाई'च म्हणायचे, शाळेतल्या बाईंसारखं, आणि आजही म्हणते. साठी उलटलेली, मध्य युरोपातून युद्धानंतर आलेली बारीक अंगाची बाई. अंगावर खादीसारखा जाडाभरडा एप्रन, गळ्यात साखळीला लटकणारा चष्मा. तीस वर्षं त्या याच तळघरात होत्या. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. पांढरा जाड पुठ्ठा समोर ठेवला, सुरी दिली आणि म्हणाल्या, यात एक खिडकी काप, कड तिरकी हवी. मी कापली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, चारही कोपऱ्यांवरून नख फिरवलं.

"कुठे शिकलीस?"

"घरी. वडील पुस्तकं बांधतात."

"सोमवारी ये. सहा महिने बघू. जमलं तर कायम."

बाहेर आले तेव्हा रस्त्यावर नाचावंसं वाटत होतं. नागपुरात आमच्या एका खोलीत एका बाजूला आम्ही पाच माणसं आणि दुसऱ्या बाजूला वडिलांचं पुस्तकं दाबायचं यंत्र, पुठ्ठे, दोरा, सुया आणि चिकटवायच्या खळीचं पातेलं. वकिलांची कायद्याची पुस्तकं, कॉलेजच्या लायब्ररीची जाडजूड पुस्तकं, सगळी आमच्याकडे फाटकी यायची आणि नवरीसारखी सजून जायची. एका कॉलेजात वडिलांनी बांधलेली पुस्तकं मांडीवर घेऊन वाचणारे साहेब वडिलांना पाणी मात्र वेगळ्या ग्लासात द्यायचे. वडील ते पाणी प्यायचेच नाहीत. घरी येऊन माठातलं प्यायचे. माझा तापटपणा कुठून आलाय ते यावरून ओळखा. तर त्या हाताखाली मी शिकले, आणि त्या शिकण्यावर मला परक्या देशात कुणीतरी नोकरी दिली. वडिलांना पत्र लिहिलं तेव्हा शाई पसरली, एवढी मी रडले.

तळघरात खिडकी नव्हती. भिंतीभर काळ्या पेट्या, आणि पेट्यांत पाचशे वर्षांचं युरोप. मला आधी कळेचना की एवढ्या कागदांचं कौतुक काय. आमच्याकडे कॅलेंडरवरची चित्रं वर्ष सरलं की फळीवर अंथरायला जातात. पण बाई शिकवायच्या. चित्र हातात दिलं की म्हणायच्या, आधी उलटं कर, पाठ बघ. पाठीवर जुन्या मालकांचे शिक्के, कुणाचा पेन्सिलीचा आकडा, कुठे कुणीतरी केलेलं ठिगळ. मग सुलटं करायचं आणि दिवा बाजूला धरून बघायचं. कागदात चारी बाजूंनी दबलेली कड दिसली, की समजायचं हे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं आहे. पत्रा कोरायचा किंवा अॅसिडने खायला लावायचा, रेघांमध्ये शाई भरायची, आणि ओलसर कागद वर ठेवून अशा दाबाखालून काढायचा की कागद रेघेत शिरून शाई उचलून आणतो. जर्मनीतली लाकडावर कोरलेली चित्रं त्याहून जुनी, त्यांना ही दबलेली कड नसते. इंग्रजांनी आणखी एक प्रकार फार आवडीने केला. आख्खा पत्रा आधी खरखरीत करून काळाकुट्ट छापेल असा करायचा आणि मग जिथे उजेड हवा तिथे तो घासून गुळगुळीत करायचा. तशा एका चित्रात मेणबत्तीपाशी पत्र वाचणारी बाई होती. तिच्या गालावरचा उजेड कुणीतरी तासन् तास पत्रा घासून आणला होता. मी त्या चित्रापुढे अर्धा तास उभी राहिले आणि बाईंनी मला हटकलं नाही.

लंडनमधल्या दारुड्यांची थट्टा करणारं एक चित्र होतं. त्यात मागे एक बाई नवऱ्याला लाटण्यानेच की कशाने बडवत होती. ते बघून मी मोठ्याने हसले. बाईंनी वर पाहिलं. त्याही हसल्या. मग मला वाटलं, जमणार बाप्पा आपलं इथे.

माझं काम होतं पुठ्ठ्याच्या चौकटी कापायचं. पुढे चार महिन्यांनी बाईंनी चित्रं चौकटीत बसवायचं कामही हातात दिलं. चित्र कधी सरळ चिकटवत नाहीत. जपानी कागदाच्या बोटभर पट्ट्या चित्राच्या पाठीला वरच्या कडेशी लावायच्या आणि पट्टीचं दुसरं टोक पुठ्ठ्याला. म्हणजे चित्र लोंबतं राहतं, उचलून पाठ बघता येते, आणि कधी काढायचं झालं तर पट्टी थोड्या पाण्याने सुटते. त्यासाठी लागायची ती गव्हाची खळ. बाईंची खळ शिजवायची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली आणि थक्क झाले. गव्हातलं पांढरं सत्त्व पाण्यात कालवायचं आणि छोट्या शेगडीवर अर्धा तास ढवळत राहायचं.

"अहो बाई, हा तर चीक!" मी मराठीतच ओरडले. कुरडयांचा चीक! आई उन्हाळ्यात तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून काढायची तोच. पाच शतकांचं युरोप कुरडयांच्या चिकावर लटकलेलं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. बाईंना मी शक्य तेवढ्या इंग्रजीत समजावलं. त्यांनी चमचा माझ्या हातात दिला. त्यांच्या खळीत दोन-चार गुठळ्या राहायच्या, मग त्या चाळणीतून घासायच्या. माझ्या खळीत गुठळी शोधून दाखवा म्हणावं.

इथपर्यंत सगळं छान. आता माझा शहाणपणा.

बाईंची खळ चार दिवसांत आंबायची, वर बुरशी यायची, फेकून द्यावी लागायची. मला ते बघवेना. वडिलांची खळ पंधरा पंधरा दिवस टिकायची, कारण ते तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचे. नागपूरच्या बाजारात मिळतो तो निळा खडा. खळ टिकते, आणि मुख्य म्हणजे बांधलेल्या पुस्तकाला झुरळ, कसर, वाळवी शिवत नाही. वडील म्हणायचे, "पुस्तक वाचणारे कमी, खाणारे जास्त." आमच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात तोच निळा खडा मला बाटलीत दिसला. बाटलीवर झाडाच्या मुळांचं आणि पाइपचं चित्र होतं, मोरीच्या पाइपात शिरलेली मुळं मारायला वापरतात. घरी आणली तर नवरा म्हणाला, "नळ तुंबला काय?"

"नाही. खळीला."

"यार, तुला बिचाऱ्या रेडिएटरने पागल केलंय."

मी पुडीत थोडी पूड घेऊन गेले. बाई दहाला यायच्या, मी नऊला. खळ उतरवताना चिमूट टाकली. निळा रंग दिसेल न दिसेल एवढीच. दहाव्या दिवशीही खळ ताजी. बाईंनी वास घेतला, बोटांत चोळून पाहिली, आणि चार-साडेचार महिन्यांत पहिल्यांदा माझं तोंडभरून कौतुक केलं. "तीस वर्षांत मला हे जमलं नाही. काय करतेस तू?"

आणि मी काय सांगितलं? नुसती हसले आणि म्हटलं, "आमच्या घरची पद्धत आहे." पाहुण्यांनी आमटीचं कौतुक केलं की सुगरणी मसाला सांगत नाहीत, हसतात, तशी. खरं कारण वेगळं होतं. सहा महिने संपायला आले होते. वाटलं, जे बाईंना येत नाही ते माझ्याकडे एक तरी असू दे, म्हणजे मला कायम करतील. तेव्हा मी हे स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

पाच आठवडे मी त्या खळीने चित्रं बसवली. सदतीस चित्रं.

मग तो शुक्रवार. जेवणानंतर बाईंनी एक पेटी काढली आणि म्हणाल्या, तुला एक आजारी चित्र दाखवते. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं वनस्पतीचं चित्र होतं, तीनशे वर्षांपूर्वीचं, वर हाताने रंग भरलेले. फुलं लाल, कालच रंगवल्यासारखी. पण पानं तपकिरी पडली होती. "उलटं कर," बाई म्हणाल्या. पाठीवर पानांचे आकार करपलेले, कढईत राहिलेल्या पापडासारखे. एका पानाचा तुकडाच गळून गेला होता आणि पानाच्या आकाराचं भोक पडलं होतं.

"आग लागली होती का?" मी विचारलं.

"आग नाही. हिरवा रंग तांब्यापासून करायचे. कागदाला तांबं लागलं आणि थोडी दमट हवा मिळाली की कागद असा जळतो. धूर नाही, ज्वाला नाही. वेळ लागतो, पण तांबं कागद खातंच."

मोरचूद म्हणजे काय ते मला नववीच्या रसायनशास्त्रात शिकवलं होतं. कॉपर सल्फेट. कॉपर! झुरळांपासून कागद वाचवायला मीच सदतीस कागदांच्या पाठीला तांबं लावून ठेवलं होतं. मेणबत्तीपाशी पत्र वाचणाऱ्या बाईच्या पाठीलासुद्धा.

"बरं वाटत नाहीये का?" बाईंनी विचारलं. मी मान हलवली. एरवी माझं तोंड कुणी बंद करू शकत नाही, आणि तेव्हा एक शब्द फुटेना. कोट घेतला आणि घरी आले.

पुढच्या दोन आठवड्यांत माझे सहा महिने पूर्ण होणार होते. मी सांगितलं असतं तर नोकरी जाणार हे उघड होतं. पुन्हा सातवा मजला, पुन्हा तो रेडिएटर. आणि नोकरीपेक्षा जास्त म्हणजे बाईंच्या डोळ्यांतून उतरणार. वडिलांच्या हाताचं नाव सांगून आत शिरले आणि त्याच नावाने माती खाल्ली, असं झालं असतं. आणि सांगितलं नसतं तर? कुणाला कळणार होतं? चाळीस-पन्नास वर्षांनी कुणीतरी पेटी उघडून म्हणेल, अरे, ही कड तपकिरी कशी? तोवर बाई नाहीत, मी नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो शांत माणूस, संगणकाच्या चुका दुरुस्त करण्यात हयात घालवणारा. म्हणाला, "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा पर्मनंट हो. मग हळूहळू एकेक काढ आणि नवीन लाव. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

बोलणं व्यवहाराचं होतं. मीही मान डोलावली. पण शनिवारी मला काही सुचेना. वडिलांनी माझ्यासाठी बांधून दिलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश मी बरोबर आणला होता. तो उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे बाईंच्या नजरेने पाहिलं. पुठ्ठा आणि पानं जिथे जोडली होती तिथे खळीचा पट्टा होता, अंगाला किंचित हिरवट. त्या पट्ट्यातला कागद तपकिरी झाला होता. मी कोपरा दुमडला तर तो मोडला, कडकन. पंधरा वर्षांत. मला वडिलांचा एवढा राग आला! काहून घातला हो तुम्ही मोरचूद, असं त्या पुस्तकालाच विचारलं. आणि मग आठवलं, आमच्या शेजारच्या घरात एका पावसाळ्यात वाळवीने पेटीभर पुस्तकांची माती केली होती, आणि आमच्या खोलीतलं एकही पान कधी गेलं नव्हतं. वडिलांनी बरोबरच केलं होतं. तिथे ते बरोबर होतं. इथे किडे नव्हते, तरी मी विचार न करता ते उचलून आणलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

रविवारी सकाळी आम्ही घरातच वंदना घेत असू. विहार जवळपास नव्हतं. बुद्धाच्या छोट्या मूर्तीपुढे दोघं बसायचो आणि पंचशील म्हणायचो. लहानपणापासून म्हणत आलेलं, झोपेतही येईल असं. त्या रविवारी मी चौथ्या शीलापाशी अडले. खोटं बोलणार नाही, हे ते शील. नवरा पुढे गेला, मग माझा आवाज येईना म्हणून थांबला. मी तशीच हात जोडून बसले होते. त्याने पाहिलं, उरलेलं एकट्याने पूर्ण केलं आणि उठताना म्हणाला, "उद्या सांगून टाक. दुसरा जॉब शोधू."

त्या माणसाच्या एवढ्याशा वाक्याचे उपकार मी अजून मानते. भांडते, पण मानते.

सोमवारी बाई कोट खुंटीला लावत होत्या तेवढ्यात मी बोलले. गाडीत पाठ केलेली सगळी इंग्रजी वाक्यं विसरले. "मी खळीत कॉपर सल्फेट घालत होते. पाच आठवडे. सदतीस चित्रं."

बाई कोट हातात धरूनच खुर्चीवर बसल्या.

"का?"

"खळ टिकावी, किडे लागू नयेत म्हणून. वडील घालतात."

"मी तुला विचारलं होतं, काय करतेस. तेव्हा का नाही सांगितलंस?"

आता हातचं राखून काय करायचं होतं? म्हटलं, "कारण तुम्ही पहिल्यांदाच माझं कौतुक केलं होतं. वाटलं, गुपित माझ्याकडे राहिलं तर तुम्ही मला काढणार नाही."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्यांना उत्तर कसं द्यायचं ते मला येतं. त्यांनी कोट लावला, एप्रन चढवला, दोन बश्यांत स्वच्छ पाणी घेतलं. "कोणकोणती, आठवतात?"

वहीत चौकटींची नोंद होती, पण कुठल्या खळीने कधी बसवलं याची नव्हती. मला मात्र सगळी आठवत होती. एकेक चित्र बसवण्याआधी मी पोटभर बघितलं होतं ना! मी पेट्यांपुढे उभी राहून सांगत गेले: मेणबत्तीवाली बाई, नवऱ्याला बडवणारी, नदीकाठची पवनचक्की, दगडावरून छापलेली फ्रान्समधली धोबीण, कान खाली पाडलेलं गाढव, पडक्या देवळाच्या खांबांवर वाढलेलं गवत. सदतीस झाली तेव्हा बाईंनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, पण बोलल्या नाहीत.

आठ दिवस लागले. पट्टीवर कुंचल्याने थोडंसं पाणी लावायचं, थांबायचं, खळ फुगली की चपट्या हत्याराने अलगद उचलायची. मग त्या जागी पुन्हा शुद्ध पाण्याचा कुंचला, वर टिपकागद, पुन्हा पाणी, पुन्हा टिपकागद, निळ्याचा अंशही उतरेपर्यंत. बाई दर वेळी भिंगाने बघायच्या आणि म्हणायच्या, अजून एकदा. मानेचा काटा ढिला झाला. तिसऱ्या दिवशी कधीतरी त्या काम करता करताच म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं चुकलं नव्हतं. पुस्तक शंभर वर्षांनी जळणार की पुढच्या पावसाळ्यात किडे खाणार, एवढंच त्यांच्या हातात होतं. त्यांनी शंभर वर्षं निवडली." मी मान वर केली नाही, कारण कुंचला हातात होता आणि डोळे भरून आले होते. पुढे हे वाक्य मी वडिलांना पत्रात लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, 'त्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि यापुढे विचारल्याशिवाय शहाणपणा करू नकोस.'

छत्तीस चित्रं अगदी स्वच्छ झाली. पवनचक्कीच्या वरच्या कडेला पाण्याची एक फिकट रेघ राहिली. ती चौकटीखाली झाकली जायची. झाकली गेली तरी बाई म्हणाल्या, लिही. प्रत्येक चित्राचं एक कार्ड असायचं, त्यावर त्याची सगळी दुखणी-खुपणी. सदतीस कार्डांवर मी माझ्या अक्षरात लिहिलं: खळीत कॉपर सल्फेट मी घातलं, अमुक दिवशी काढलं. खाली माझी आद्याक्षरं. पवनचक्कीच्या कार्डावर त्या रेघेचंही लिहिलं. बाई गठ्ठा घेऊन बसल्या आणि प्रत्येक कार्डावर माझ्या आद्याक्षरांखाली स्वतःची आद्याक्षरं घालू लागल्या.

मी घाबरले. तीस वर्षांत त्यांच्या नावावर एक डाग नव्हता आणि वर्षाने त्या निवृत्त होणार होत्या. "तुम्ही कशाला? तुम्ही थोडीच घातलं?"

"शेगडी माझ्या खोलीत आहे," त्या म्हणाल्या. "खळ दहा दिवस आंबत नाही म्हटल्यावर मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. मला फुकटची चांगली खळ मिळत होती, मी गप्प बसले."

मग वरच्या मजल्यावर बोलावणं आलं. विभागप्रमुख हा उंच, अतिशय सभ्य माणूस. त्याच्या सभ्यपणाने खोलीत थंडी वाजायची. त्याने कार्डं शांतपणे चाळली. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. घरून निघतानाच ड्रॉवरमधली माझी कात्री आणि पट्टी पिशवीत भरून घ्यायची असं ठरवून आले होते. तो माझ्याशी नाही, बाईंशी बोलला. "तुम्ही हिला कायम करा अशी शिफारस केली होती. या प्रकारानंतर ती मागे घेत असाल, असं मी समजतो."

"नाही," बाई म्हणाल्या.

"इतकी मोठी चूक होऊनही?"

"इथे माझ्या हाताखाली बरीच माणसं येऊन गेली. त्यांच्या हातून काहीच चुकलं नसेल, असं मला वाटत नाही. पण मला येऊन सांगणारी ही पहिली आहे. बाकीच्यांनी काय काय करून ठेवलंय, ते मला अजून पेट्या उघडल्यावरच कळतं."

विभागप्रमुखाने त्यांच्याकडे पाहिलं, मग पहिल्यांदा माझ्याकडे. आणि मला कायम करण्याचा कागद जवळ ओढून सही केली. त्या तळघरात मी पुढे अकरा वर्षं होते, आणि आज जे काही थोडंफार येतं ते सगळं तिथलं.

खाली आल्यावर मला वाटलं आता बाई काहीतरी बोलतील, समजावतील, निदान दम देतील. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि एप्रन काढला.

"खळ संपलीये," त्या म्हणाल्या. "शिजवून ठेव. मला डेंटिस्टकडे जायचंय, दोन तास लागतील."

आणि गेल्या. दार ओढून, मला, शेगडीला आणि त्या पांढऱ्या सत्त्वाच्या डब्याला एकटं सोडून. मी खळीत काय घालते ते बघायला कुणी नाही. मी चीक कालवला, शेगडी बारीक केली आणि ढवळायला लागले. इतकी रडले, इतकी रडले की समोरचं दिसेना. पण अर्धा तास मान बाजूला वळवून ढवळलं, कारण खळीत मीठही चालत नाही.